तायडेबाबूंचा बिनकामाचा रस्ता

"तुह्यी शीट खाली हाये."

तायडेबाबू माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. नमस्कार नाही, नाव-गाव नाही. नोकरीचा माझा तिसरा की चौथा दिवस होता. देऊळघाटहून सायकल मारत मी बुलढाण्याला कचेरीत पोचलो होतो, शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. आणि पन्नाशीकडे झुकलेला, काटकुळा, पँटीच्या पायाला लोखंडी क्लिप लावलेला हा माणूस माझ्याकडे न बघता माझ्या सायकलकडे बघत उभा होता.

मी म्हणालो, "मी नवीन क्लार्क. बी.ए. झालोय."

हे मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे, कोणी विचारो न विचारो. आणि का सांगू नये? आमच्या घरात माझ्याआधी मॅट्रिकपर्यंतसुद्धा कोणी गेलं नव्हतं. वडील देऊळघाटच्या मळ्यात वांगी-मिरच्या लावायचे आणि टोपलं घेऊन बुलढाण्याच्या बाजारात बसायचे. त्यांचा मुलगा अकोल्याला राहून शिकला आणि त्याला सरकारी खुर्ची मिळाली. महाराष्ट्र नुकताच झालेला, आणि मला वाटायचं की तो थोडाफार माझ्यासाठीच झालाय.

"असशीन," तायडेबाबू म्हणाले. "बीएची बी शीट खाली राहू शकते. चाळिशीच्या आत गुडघे जातीन तुह्ये. बैस वर."

मी बसलो. त्यांनी मागून कॅरिअर धरलं. "टाच ठेव खालच्या पायडलावर. पाय सरळ झाला पाह्यजे. झाला? नाई झाला. दोन बोटं वर घे." खिशातून पाना काढून त्यांनी तिथंच, कचेरीच्या पायरीशी, शीट वर केली. हेडक्लार्क खिडकीतून पाहत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण संध्याकाळी घरी निघालो आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा समजलं की मी आजवर सायकल चालवत नव्हतो, नुसती ढकलत होतो.

त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव 'बीए' ठेवलं. त्यात टिंगल किती आणि माया किती, याचा पत्ता मला कधी लागला नाही.

तायडेबाबू जावक कारकून. कचेरीतून बाहेरगावी जाणारा प्रत्येक कागद त्यांच्या टेबलावरून जायचा. कागदाचे चारी कोपरे जुळल्याशिवाय ते घडी घालत नसत. पाकिटावर गावाचं नाव लिहिताना हात जरा हळू चाले. मेहकर, मलकापूर, मोताळा, धाड. जणू ते गाव लिहीत नव्हते, तिकडं जाऊन येत होते. आणि खरंच जात. दर रविवारी.

आता हे नीट सांगितलं पाहिजे, नाहीतर आजच्या वाचकाला त्यातली गंमत कळायची नाही. त्या काळी सायकल हे काम होतं. दूधवाला सायकलवर, पोस्टमन सायकलवर, खेड्यातला मास्तर सायकलवर, मी सायकलवर. काम नसताना कोणी पायडल मारत नसे. तायडेबाबू मात्र रविवारी तांबडं फुटलं की निघत, राजूरचा घाट उतरून मोताळ्याला जात, तिथं एक कप चहा पीत आणि तोच घाट चढून परत येत. पुढच्या रविवारी धाड. त्याच्या पुढच्या रविवारी चिखली. येताना पिशवीत भाजी नाही, सोबत पाहुणा नाही, हातात कागद नाही.

कचेरीत याची मोठी चर्चा. कोणी म्हणे जमीन बघताहेत, कोणी म्हणे मुलीसाठी स्थळ. हेडक्लार्कांना दाट संशय होता की तायडेबाबू गुप्त खात्याचे आहेत. आमचे शिपाई रहमानभाई तर तोंडावर विचारायचे, "क्या बाबूजी, उधर दूसरा घर बसाया क्या?"

"बसाया ना," तायडेबाबू म्हणत. "दर दस मील पे एक."

पण कोणी खरंच, गंभीरपणे कारण विचारलं, "काऊन जाता हो तुम्ही?" की ते भलतंच उत्तर देत. "धाडच्या अलीकडं खडी पसरली हाये. तिकडं गेले त डावीकून घ्या." विचारणारा तोंड बघत राही. मीही दोनदा विचारलं आणि दोनदा खडी मिळाली. मग ठरवलं, या माणसाच्या मागं जाऊनच बघायचं.

असे माझे रविवार सुरू झाले. मला वाटलं होतं, दोन-तीन खेपांत उलगडा होईल. झालं एवढंच, की मला सायकल यायला लागली.

त्यांचा उपदेश अखंड चाले, पण कीर्तनकारासारखा नाही. रस्त्यात जे समोर येईल त्यावर. पाणी दिसलं की पाण्यावर. "तहान लागल्यावर पेशीन त उशीर झाला म्हणून समज. अन् विहिरीवर पोटभर पेशीन त घाटात तेच पाणी तुले खाली ओढते. दोन घोट. बस." खिशात गूळ आणि फुटाणे, वेगळ्या पुड्यांत, एकत्र बांधले की फुटाणे नरमतात. सायकल उन्हात उभी करायची नाही. हवा अंगठ्यानं दाबून पाहायची, आणि भर उन्हाळ्यात दुपारी निघायचं असेल तर जराशी कमी ठेवायची. उतारावर आधी मागचा ब्रेक. "पुढचा आधी दाबशीन त सायकल थांबते अन् तू पुढं जातं."

वाऱ्याबद्दल त्यांचं मत ठाम होतं. चिखलीच्या रस्त्यावर एकदा समोरून असा वारा आला की मी उभा राहून पायडल मारायला लागलो. ते मागून ओरडले, "काऊन भांडून राह्यला बे त्याच्याशी? मान खाली घाल. साहेबापुढं घालतं तशी. साहेब बी जाते, वारा बी जाते."

कुत्र्यांचं वेगळं शास्त्र. कुत्रं मागं लागलं की पळायचं नाही. खाली उतरायचं, सायकल मधे ठेवायची आणि त्याच्याशी घरच्यासारखं बोलायचं. मला हे पटलं नव्हतं. मोताळ्याच्या अलीकडं एक काळं धिप्पाड कुत्रं आलं तेव्हा मी पळालो. धोतर नेसलो असतो तर ते त्या दिवशी तिथंच राहिलं असतं. पँटीच्या पायावरच भागलं. तायडेबाबू सावकाश उतरले. "काय रे मोत्या? जेवला का? घरी कोण कोण हाये?" कुत्रं थांबलं. बुचकळ्यात पडलं असावं. मग शेपटी हलवत चाललं गेलं. ते माझ्यापाशी आले, फाटलेल्या पँटीकडे पाहिलं आणि म्हणाले, "बीएले कुत्र्याशी बोलाचं शिकवत नाईत वाटते."

फटफटीचा त्यांना राग नव्हता, कीव होती. "फटफटीवाल्याले गाव दिसते, रस्ता नाई दिसत."

घाट चढायची त्यांची एक चाचणी होती. राजूरच्या घाटात ते मला सतराचा पाढा म्हणायला लावत. मोठ्यानं. पाढा सलग चालला तर चढत राहायचं. मधे तुटला तर उतरायचं आणि सायकल हातात धरून चालायचं. "छातीचं खरं पाढ्याले माहीत असते," ते म्हणत. "तोंड त हो हो म्हणतच राह्यते." चालायची त्यांना अजिबात लाज नव्हती. मला होती. सतरा पाचे पंच्याऐंशीच्या पुढं मी हमखास अडकायचो, आणि मला श्वास लागलाय हे कबूल करायला नको म्हणून "पाढा विसरलो" म्हणायचो. बी.ए. झालेला माणूस सतराचा पाढा विसरतो, हे त्यांनी एकदाही खोडून काढलं नाही.

दोन गोष्टी अजून. मैलाचा दगड आला की ते घंटी वाजवीत. एकदाच, टिण्. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी. विचारलं तर म्हणाले, "आपण आलो म्हणून सांगावं माणसानं." आणि दुसरी: चढावरच्या सायकलवाल्याला कधी हाक मारायची नाही. एकदा त्याच घाटात शेजारून बस गेली आणि खिडकीतून कोणी ओळखीचा केकाटला, "अय तायडेबाबूऽऽ!" त्यांची लय तुटली, पाय खाली टेकला. एवढं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. "चढावर माणसाजवळ एकच श्वास असते. तो बी मांगते हा मूर्ख!"

पाण्याची बाटली त्यांची स्वतःची, पलटणीत असते तशी कापडात शिवलेली. कुठल्याही गावात ते पाणी मागत नसत. एकदा बाटली संपली म्हणून एका खेड्यात आम्ही एका ओसरीपुढं उभे राहिलो. घरमालक तांब्या घेऊन आला, हसतमुख माणूस. तांब्या पुढं करता करता त्यानं विचारलं, "कोण म्हणायचे आपण? आडनाव?" तायडेबाबूंनी सायकलवर पाय टाकला. "तहान नाई लागली," म्हणाले, आणि निघाले. मी तांब्याला हात लावलेला होता. मी पाणी प्यालो. माझं आडनाव चालण्यासारखं होतं. पुढं गाठल्यावर ते खडीबद्दल बोलले, आणि मीही खडीबद्दलच. आज लिहिताना मात्र ते पाणी आठवतं.

लोणारचं त्यांच्या मनात किती वर्षं होतं कोण जाणे. एका हिवाळ्यात शनिवारी, टेबलावरचा डिंक पुसता पुसता म्हणाले, "बीए, उद्या लोणार. येतं का?"

बुलढाणा ते लोणार म्हणजे चिखली, मेहकर करून पन्नासच्या वर मैल. त्यांनी सगळं ठरवलं होतं. जाताना सायकलनं, येताना संध्याकाळी लोणारहून सुटणाऱ्या शेवटच्या बसच्या टपावर सायकली टाकून. सोमवारी कचेरी होती. उजेड असताना तळं बघायचं आणि बस गाठायची. मी लगेच हो म्हणालो.

आणि मग मी माती खाल्ली. सकाळच्या थंडीत पाय हलके वाटले, आणि मी चिखलीपर्यंत त्यांच्या पुढं धावत सुटलो. मागून "हळू बे, दिवस मोठा हाये" असं दोनदा ऐकू आलं. चिखलीला मी दोन कप चहा, भजी आणि वर तांब्याभर पाणी प्यालो. त्यानंतर दहा-बारा मैलांत माझ्या पोटऱ्यांत गोळे आले. दर थोड्या वेळानं थांबा, पाय चोळा, पुन्हा निघा. ते दगडामागून दगड घंटी वाजवत शेजारून सायकल चालवत राहिले. मेहकरला पोचायला दुपार पार कलली.

मेहकरला एका झाडाखालच्या चहाच्या टपरीवर बसलो तेव्हा माझी नजर चुकवत त्यांनी आपण होऊन सांगितलं. मी विचारलंही नव्हतं.

"माह्या बापानं लय चकरा केल्या या रस्त्यानं. पायी. सरकारी कागद घेऊन. गावकीचं काम होतं ते आमच्याकडं. पाटलानं कागद देल्ला की निघा. ऊन म्हणू नका, पाऊस म्हणू नका. लोणारले पाच-सहा डाव गेला असन बाप. तळं नाई पाह्यलं."

"का?"

"कागद देल्ला की वापस. थांबाचं कायले? त्याले कोणी तळं पाहाले पाठवलं होतं का?" त्यांनी बशीतला चहा फुंकला. "मरायच्या आधी म्हणे, लोक म्हणतेत लय मोठं हाये, गोल हाये, आभाळातून पडलेल्या दगडानं झालं. मी म्हटलं, तुमी त गेल्ते ना? त म्हणे, मी कामानं गेलतो."

चहाचा घोट घेऊन म्हणाले, "म्हणून मी बिनकामाचा जातो. कोणी पाठवलं नसताना."

कचेरीतल्या सगळ्या तर्कांचं उत्तर असं चहाच्या बशीत मिळालं. मी चहावाल्याला विचारलं, लोणार किती राहिलं. तो म्हणाला, पंधरा मैल.

आम्ही निघालो. पाऊण तास कण्हत कण्हत गेलो असू. तेवढ्यात रस्त्याच्या कडेला एक कोरा, ताज्या चुन्याचा दगड दिसला. वर काळ्या अक्षरांत: लोणार १८.

मी उतरलोच. चहावाल्याचे पंधरा, त्यातून आमचं पाऊण तासाचं चालणं वजा, आणि उरले अठरा! "फसवलं लेकाच्यानं," मी म्हणालो. चहावाल्याच्या तोंडापेक्षा सरकारी दगड खरा, याबद्दल माझ्या मनात काडीचा संशय नव्हता. मी मान वर करून सूर्य पाहिला आणि हिशेब मांडला. अठरा मैल, माझ्या चालीनं तीन तास. तोवर दिवस बुडणार, तळं दिसणार नाही आणि बसही जाणार. आकडे घडाघडा सांगितले. तेवढं मला येत होतं.

तायडेबाबूंनी दगडाकडे पाहिलं. मग माझ्याकडे, बराच वेळ.

"सतराचा पाढा म्हण."

"आत्ता?"

"म्हण त."

सपाट रस्ता होता, मी उभा होतो, तरी सतरा चोकपाशी श्वास तुटला. "विसरलो," मी म्हणालो.

"हाव," ते म्हणाले. त्यांनी सायकल वळवली. त्या दगडापाशी घंटी मात्र वाजवली नाही.

मेहकरला परत येऊन आम्ही बसची वाट बघत बसलो. बस आली ती अर्थात लोणारहून. सायकली टपावर चढवल्या. पुढच्या बाकावर एक म्हातारी गाठोडं घेऊन बसली होती. तायडेबाबूंनी वाकून विचारलं, "मावशी, तळ्याले पाणी किती हाये औंदा?"

"कोणतं तळं बाप्पा?" ती म्हणाली. "मी त लेकीच्या बाळंतपणाले गेल्ते."

ते हसले. खूप वेळ हसत होते.

पुढं दोनेक महिन्यांनी तायडेबाबू तापानं रजेवर गेले आणि त्यांचं टेबल माझ्याकडे आलं. एक जुनं पत्र शोधायला जावक रजिस्टर मागं चाळत होतो. त्यांच्या गोल, हळू अक्षरात एक नोंद होती: मेहकर ते लोणार रस्त्यावर मैलाऐवजी किलोमीटरचे दगड बसविल्याबाबत. सर्व तहसिलींना रवाना. तारीख आमच्या त्या रविवारच्या आधीची.

मी पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. अठरा किलोमीटर म्हणजे अकरा मैल. चहावाला खरा होता. अकरा मैल, दीड-पावणेदोन तास. उजेड होता. बस होती. तळं होतं.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. ते घोंगडी पांघरून भिंतीला टेकून बसले होते. मी दारातूनच म्हणालो, "तुम्हाले माहीत होतं. तो कागद तुम्हीच पाठवला होता."

"मले माहीत होतं," ते म्हणाले. "तुह्या पोटऱ्याले माहीत नव्हतं."

"मग मले सांगाचं ना! मी आलो असतो."

"म्हणूनच नाई सांगतलं. सांगतलं असतं त तू हो म्हटलं असतं. तू नाई म्हणणारा माणूसच नाईस. मंग रस्त्यात पडला असता त मी तुह्या बापाले काय सांगू? टोपलं ठेवून, पोटाले चिमटा घेऊन शिकवलं त्यानं तुले."

"तुम्ही एकटे तरी पुढं जायचं."

"दोघं निघालो होतो," ते म्हणाले, जसं काही मी अगदी साधी गोष्ट विचारली होती. आणि मग, "पुढच्या हिवाळ्यात जाऊ. कुठी पळून जाते तळं?"

पुढच्या हिवाळ्याआधी त्यांच्या बायकोचं अर्धं अंग गेलं. रविवार घरात जाऊ लागले. तिला भरवणं, कूस बदलणं, बाजार. मी कधी गेलो तर सायकल पुढच्या खोलीत उभी दिसे, पुसलेली, सायकलच्या कराचा नगरपालिकेचा पितळी बिल्ला चकचकीत. एकदा अंगठ्यानं टायर दाबून पाहिलं. घट्ट.

"चालवत नाही तर हवा कशाला?"

"हवा नसली त टायर बसून जाते," ते म्हणाले. "जायचं नसलं तरी भरून ठेवा लागते."

मग माझी वरच्या जागेवर निवड झाली आणि बदली दुसऱ्या जिल्ह्यात. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला तो पाना दिला. मी पत्रं पाठवली. त्यांची उत्तरं कार्डावर येत, आणि त्यात रस्त्यांशिवाय काही नसे. एका कार्डावर मात्र शेवटी एक ओळ होती: रिटायर झालो. ती गेली. राजूरच्या घाटात डांबर नवं केलं आहे.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मला तपासणीच्या कामानं लोणारला जावं लागलं. वरून हुकूम आला होता. मेहकरहून बसमध्ये बसलो, मांडीवर फाइल. बहुतेक रस्ता झाला असेल. एका चढाला ड्रायव्हरनं गाडी हळू केली. समोर बैलगाडी होती, आणि बैलगाडीच्या पुढं एक सायकल.

पाठ मी लगेच ओळखली. पँटीला क्लिप, कॅरिअरला कापडात शिवलेली बाटली. शीट बरोबर उंचीवर, पाय खाली जाताना सरळ होत होता. पूर्वीपेक्षा पुष्कळ सावकाश. बस शेजारी आली तेव्हा दिसलं, ओठ हलत होते. एकटेच पाढा म्हणत होते.

 मी खिडकीची काच वर सरकवली. छातीत हाक भरून आली होती, अगदी तोंडापर्यंत. आणि मी तोंड मिटलं. चढ होता.

बस चढावर रखडत पुढं गेली. मी मान वळवून मागं बघत राहिलो. माझ्या खिडकीशेजारून एक दगड मागं सरकला, लोणार ४. पाठोपाठ तायडेबाबू त्या दगडाशी पोचले. त्यांनी मान वर केली नाही. बसच्या आवाजात मला काही ऐकू येणं शक्यच नव्हतं.

पण हँडलवरचा त्यांचा अंगठा हललेला मी पाहिला. एकदाच.